दम ज्याला लागतो त्याचंच उत्तर हवं: फुफ्फुसाच्या जुनाट आजारावरच्या ऑनलाईन रिसर्चमध्ये भाग घ्यायचा तर

घरात सीओपीडीचा, म्हणजे श्वासनळ्या अरुंद होऊन कायमची धाप लागणाऱ्या आजाराचा, पेशंट असला की कधीतरी छातीच्या डॉक्टरांच्या ओपीडीत कुणीतरी क्यूआर कोड पुढे करतं, किंवा व्हॉट्सॲपवर लिंक येते की श्वसनविकाराच्या अभ्यासात सहभागी व्हा. बहुतेक घरात ती लिंक घाबरून डिलीट होते नाहीतर मुलगा किंवा सून बसल्या बसल्या पाच मिनिटांत भरून टाकते. दोन्हीत नुकसान आहे, आणि दुसऱ्यात जास्त, कारण न भरलेला फॉर्म निदान कुणाची दिशाभूल तरी करत नाही.

मी गेली काही वर्षं सासूबाईंसोबत हे सगळं करतेय आणि ओळखीतल्या बऱ्याच घरांना करताना बघितलंय, म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवते. सीओपीडी, जुना दमा, ब्रॉन्किएक्टेसिस (श्वासनळ्या कायमच्या रुंद होऊन त्यात कफ साचतो तो आजार), आयएलडी म्हणजे ज्याला आपण फायब्रोसिस म्हणतो ते, टीबी बरा झाल्यावर उरलेला फुफ्फुसाचा त्रास, यातलं काहीही असलं तरी पुढचं जवळजवळ सगळं लागू पडतं.

भाग घ्यायचाच कशाला

२०१६ सालचा जो अंदाज आहे त्यानुसार भारतात सीओपीडीचे साधारण साडेपाच कोटी पेशंट होते. एवढे पेशंट आपल्याकडे, पण या आजाराबद्दलचं पुस्तकी ज्ञान बरंचसं युरोप-अमेरिकेतल्या सिगारेट ओढणाऱ्या माणसांवरून आलेलं. आपल्याकडे मात्र ओपीडीत जाऊन बघा, आयुष्यात कधी बिडीला हात न लावलेल्या बायका बसलेल्या असतात, चुलीपुढे तीस-तीस वर्षं काढलेल्या. २००९ मध्ये पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे डॉ. पीटर बार्न्स यांनी लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात हेच मांडलं होतं, जगातल्या सीओपीडीच्या पेशंटपैकी अंदाजे २५ ते ४५ टक्के लोकांनी कधीच स्मोकिंग केलेलं नसतं, आणि जगात सिगारेट ओढणारे शंभर कोटींच्या आसपास तर चुलीचा धूर खाणारे तीनशे कोटींच्या आसपास.

पेशंटची नीट नोंद झाली की काय हाती लागतं त्याचं एक उदाहरण सांगते. २०१२ ते २०१५ मध्ये भारतातल्या २७ सेंटर्सनी मिळून आयएलडीच्या १०८४ पेशंटची रजिस्ट्री केली. त्यात निघालं काय, तर सुमारे ४७ टक्के लोकांना हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस, म्हणजे बाहेरून श्वासात जाणाऱ्या कशाची तरी फुफ्फुसाला ॲलर्जी होऊन झालेला आजार, आणि त्यातल्या बऱ्याच जणांच्या घरी एअर कूलर होता. दुसरी नोंद ब्रॉन्किएक्टेसिसची, २१९५ भारतीय पेशंटची, त्यात सगळ्यात मोठं कारण जुना टीबी निघालं, ३५ टक्क्यांहून जास्त लोकांत. युरोपातलं चित्र असं नाही. कूलरचा प्रश्न कुणी विचारला आणि पेशंटनी खरं सांगितलं, म्हणून हे कळलं. या दोन्ही रजिस्ट्री हॉस्पिटलांमधून झालेल्या, पण फोनवरून होणाऱ्या अभ्यासालाही तेच लागू आहे, विचारलेल्याचं खरं उत्तर मिळालं तरच त्यातून काही निघतं.

फोन कुणाचा, उत्तर कुणाचं

ऑनलाईन अभ्यासातली आपल्याकडची सगळ्यात मोठी अडचण मला विचाराल तर ही. फोन एकाच्या हातात आणि धाप दुसऱ्याला. मुलाला वाटतं आईचं सगळं आपल्याला माहीत आहे, मग तो परस्पर 'झोप चांगली लागते' वर टिक करतो, पण आई रात्री दोनला उठून उशा लावून बसते हे त्याला माहीतच नसतं कारण ती कुणाला उठवत नाही. उलटंही होतं, मुलगी काळजीपोटी सगळं जास्तच वाईट करून भरते.

म्हणून पहिला नियम, पेशंटशेजारी बसून प्रश्न जसा आहे तसा वाचून दाखवायचा, पर्याय सगळे वाचायचे, आणि मग गप्प बसायचं. 'नाही ना होत तसं?' असं विचारायचं नाही, कारण आपली माणसं मुलांना बरं वाटावं म्हणून 'नाही होत' म्हणूनच टाकतात. शक्य असेल तर बाकीचे सगळे खोलीबाहेर. सासूबाई मामंजींसमोर कधीच कबूल करणार नाहीत की त्यांना अंघोळ करताना धाप लागते. आणि फॉर्ममध्ये जर विचारलं असेल की हे कोण भरतंय तर खरं सांगा, 'घरच्यांच्या मदतीने' असा पर्याय बऱ्याच ठिकाणी असतो, त्याने फॉर्म बाद होत नाही.

मराठी फॉर्म आहे का हे आवर्जून विचारा. रिसर्चमधल्या ठरलेल्या प्रश्नावल्यांची भाषांतरं तपासून पारखून केलेली असतात, आपण घरच्या घरी इंग्रजीवरून सांगितलं की प्रश्नाचा अर्थच हलतो. मराठी नसेलच तर निदान आधी सगळे प्रश्न स्वतः वाचून घ्या, अडेल तिथे त्यांच्या को-ऑर्डिनेटरला फोन करा, तो माणूस त्यासाठीच असतो.

आधी ओळखा, हा कुठल्या प्रकारचा अभ्यास आहे

सगळ्यात सोपा म्हणजे एकदाच भरायचा सर्व्हे, वीस मिनिटं आणि काम संपलं. दुसरी रजिस्ट्री, यात तुमचं नाव, आजार, रिपोर्ट यांची नोंद राहते आणि दर काही महिन्यांनी परत विचारतात, कधी कधी त्या नोंदीवरून पुढच्या अभ्यासासाठी बोलावणंही येतं. तिसरा प्रकार घरून मोजमापं द्यायचा, ऑक्सिमीटर, पीक फ्लो (फुंकीचा जोर), पावलं, खोकल्याचं रेकॉर्डिंग वगैरे ॲपमधून. आणि चौथा म्हणजे ट्रायल, जिथे औषध, उपकरण किंवा व्यायामाचा कार्यक्रम असं काहीतरी प्रत्यक्ष देऊन बघतात, त्यातला काही भाग ऑनलाईन असतो.

पहिल्या तिनांत शरीराला धोका फारसा नाही, जपायची आहे ती माहिती. चौथ्यात मात्र दोन्ही. ट्रायलचं असेल तर ऑनलाईन वाचून होकार देऊ नका, आधी आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना दाखवा. आणि एक गोष्ट चारही प्रकारांत डोक्यात पक्की ठेवा, हा अभ्यास आहे, उपचार नाही. इथे भाग घेतला म्हणून कुणी तुमच्या आईचं औषध बदलून तिला बरं करणार नाही, आणि भाग घेतला म्हणून चालू इनहेलर कमी किंवा बंद करायचा तर मुळीच नाही.

खरा की खोटा, कसं तपासायचं

भारतातल्या ट्रायल्सची सरकारी नोंदवही म्हणजे सीटीआरआय (क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री - इंडिया), आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेची, २००७ पासून चालू आहे आणि २००९ पासून औषधांच्या ट्रायलची तिथे नोंद सक्तीची आहे. कुणीही फुकट बघू शकतं, लॉगिन लागत नाही. लिंक पाठवणाऱ्याला सरळ विचारा, सीटीआरआय नंबर काय? तो नंबर सीटीआरआय या अक्षरांनी सुरू होतो, मग वर्ष, महिना आणि एक मोठा आकडा, मधे तिरप्या रेघा. तो साईटवर टाकला की अभ्यासाचं पान उघडतं. पान लांबलचक आणि इंग्रजीत असतं, पण सगळं वाचायची गरज नाही. अभ्यास कोण करतंय, पैसा कुणाचा, कुठल्या शहरात आणि हॉस्पिटलात चालू आहे, एथिक्स कमिटीने, म्हणजे भाग घेणाऱ्यांचं हित जपलं जातंय का ते तपासणाऱ्या समितीने, मंजुरी दिलीय का, भरती चालू आहे की बंद झालीय, आणि कोण पात्र कोण नाही, एवढं बघा. लोकांच्या शंकांसाठी संपर्काची व्यक्ती तिथे दिलेली असते. मी तर म्हणेन मेसेजमधला नंबर सोडून द्या आणि या पानावरच्या नंबरवरच फोन करून विचारा की अशी लिंक तुमचीच का.

साध्या सर्व्हेची नोंद सीटीआरआयवर असेलच असं नाही. नसली म्हणजे फसवणूकच असंही नाही. पण एथिक्स कमिटीची मंजुरी मात्र माणसांवरच्या आरोग्य संशोधनाला लागतेच, मग तो नुसता फॉर्म का असेना. कुठल्या संस्थेच्या कमिटीची, मंजुरीचा नंबर काय, हे माहितीपत्रकात लिहिलेलं असायला हवं. लिहिलेलं नाही आणि विचारल्यावर सांगत पण नाहीत, तर विषय संपला, भरू नका.

काही गोष्टी दिसल्या की तिथेच थांबायचं. पैसे मागितले, रजिस्ट्रेशन फी म्हणा की किटचे म्हणा. ओटीपी मागितला, किंवा यूपीआय पिन. व्हॉट्सॲपवर एपीके फाईल, म्हणजे प्ले स्टोअरबाहेरून ॲप टाकायची फाईल, पाठवून 'हे इन्स्टॉल करा' म्हणाले. अभ्यासाच्या नावाखाली एखादं चूर्ण किंवा काढा विकत घ्यायला लावला. दमा मुळापासून जाईल अशी गॅरंटी दिली. खरा रिसर्चवाला बरं करायची गॅरंटी देतच नाही, त्याला माहीत असतं तर तो अभ्यास कशाला करेल. प्रवासखर्च किंवा वेळेचा थोडा मोबदला ते देऊ शकतात, त्यासाठी बँकेचे डिटेल्स लागू शकतात, पण ते सगळं होकार झाल्यावर आणि माहितीपत्रकात लिहिलेलं असेल तरच.

संमतीपत्र: स्क्रोल करून 'ॲग्री' नको

ऑनलाईन संमतीपत्राचा धोका हाच, बोट एकदा फिरवलं की खाली पोचतो. ते डाऊनलोड करा, शक्य असेल तर प्रिंट काढा आणि एक दिवस घरात राहू द्या. आईला वाचता येत नसेल तर मोठ्याने वाचून दाखवा. औषधाच्या ट्रायलमध्ये तर नियमच आहे, ज्याला वाचता येत नाही त्याच्या संमतीच्या वेळी एक निष्पक्ष साक्षीदार पूर्ण वेळ हजर पाहिजे आणि त्याची सही पाहिजे.

वाचताना या प्रश्नांची उत्तरं शोधा, सापडली नाहीत तर लेखी विचारा. माहिती नावासकट ठेवणार की नाव काढून कोड नंबर देऊन? कोड आणि नावाची जोडी कुणाकडे असणार? किती वर्षं ठेवणार? दुसऱ्या संस्थांना, कंपन्यांना, देशाबाहेर देणार का? पुढच्या वेगळ्या अभ्यासासाठी वापरणार असतील तर परत विचारणार की हीच परवानगी धरणार? ॲप फोनमधलं अजून काय काय बघणार, लोकेशन, मायक्रोफोन, कॉन्टॅक्ट्स? हवेच्या प्रदूषणाशी सांगड घालायला लोकेशन मागतात ते समजू शकतं, कॉन्टॅक्ट्स कशाला पाहिजेत ते मला आजवर कळलेलं नाही, ती परवानगी नाकारायची. आभा नंबर, म्हणजे सरकारी डिजिटल आरोग्य खात्याचा नंबर, मागितला तर तो कशासाठी आणि त्यातून जुने कुठले रेकॉर्ड उघडणार तेही विचारा.

बरेच जण म्हणतात आता २०२३ चा डेटा संरक्षण कायदा झालाय, मग कसली काळजी. त्या कायद्यात संशोधन आणि आकडेवारीच्या कामाला काही अटींवर सूट आहे, म्हणून त्यावर विसंबून न राहता संमतीपत्रात काय लिहिलंय हेच तुमचं खरं संरक्षण समजा.

बाहेर पडायचा हक्क कायम तुमचा, कधीही, कारण न सांगता, आणि त्याने हॉस्पिटलातल्या नेहमीच्या उपचारावर काही परिणाम होता कामा नये. पण आधी दिलेल्या माहितीचं काय होणार हे विचारून ठेवा, कारण आकडेमोडीत एकदा मिसळलेली माहिती परत काढता येत नाही. नव्या औषधाची ट्रायल असेल तर इजा झाल्यास मोफत उपचार आणि ती ट्रायलमुळेच झाली असं ठरल्यास नुकसानभरपाई, हे २०१९ च्या नियमांत आहे, संमतीपत्रात ते शोधा.

बसण्याआधी फाईल काढा

फॉर्म उघडण्याआधी अर्धा तास याला द्या, पुढचं सगळं सोपं जातं. स्पायरोमेट्रीचा, म्हणजे त्या नळीत जोरात फुंकायच्या टेस्टचा, शेवटचा रिपोर्ट काढा. त्यात एफईव्ही वन (पहिल्या सेकंदात फुंकलेली हवा), एफव्हीसी (एकूण फुंकलेली हवा) आणि दोघांचं गुणोत्तर असं लिहिलेलं असतं, आणि बहुतेक दोन रकाने, औषध ओढण्याआधीचा आणि नंतरचा. सीओपीडी ठरवायला नंतरचा रकाना बघतात, गुणोत्तर ०.७० च्या खाली आहे का. फॉर्ममध्ये आकडा मागितला तर कुठल्या रकान्यातला ते बघून लिहा, टक्के मागितलेत की लिटर तेही. रिपोर्ट नसेल तर 'माहीत नाही' लिहा, अंदाज नको. आणि स्पायरोमेट्री कधी झालीच नसेल तर डॉक्टरांकडे तो विषय काढायला हवा, अभ्यासाशी त्याचा संबंध नसला तरी.

औषधांचं नाव आठवणीने लिहू नका, खोका समोर घ्या. नुसतं 'फोराकोर्ट' लिहून भागत नाही, २०० की ४००, पंप की रोटाकॅप, दिवसातून किती वेळा. आणि डॉक्टरांनी लिहून दिलंय ते एक आणि आई प्रत्यक्षात घेते ते दुसरं, हे जवळजवळ प्रत्येक घरात आहे. बरं वाटलं की बंद, महाग म्हणून एक वेळचं गाळलं. फॉर्ममध्ये जे खरंच घेतलं जातं ते लिहा, तिथे कुणी ओरडणार नाही.

मग येतो धुराचा हिशोब, आणि इथे वेळ घालवा, इथलं उत्तर आपल्याकडच्या अभ्यासासाठी फार मोलाचं आहे. 'किती वर्षं चुलीवर स्वयंपाक केला?' असं विचारलं की उत्तर येतं, 'पूर्वी करायचे'. असं काही लिहिता येत नाही. मग गोष्टीच्या आधाराने मागे जायचं. माहेरी कितव्या वर्षापासून भाकरी करायला बसायचात? लग्न कधी? सासरी किती माणसांचा स्वयंपाक? गॅस कधी आला? उज्ज्वला योजनेत आला असेल तर २०१६ च्या नंतर, म्हणजे एक खूण मिळाली. आणि सगळ्यात महत्त्वाचं, गॅस आल्यावर चूल खरंच बंद झाली का? आमच्याकडे सासूबाईंनी ठाम सांगितलं होतं की चूल कधीच बंद केली. मग विचारलं अंघोळीचं पाणी कशावर तापतं, तर परसातल्या चुलीवर, रोज पहाटे, लाकडं आणि पाचट घालून. सणासुदीला मांडे-पुरणपोळी पण तिथेच. त्यांच्या लेखी ती चूल स्वयंपाकाची नाही, म्हणून धरायची नाही.

बरेच संशोधक रोजचे सरासरी तास गुणिले वर्षं असा आकडा काढतात, रोज चार तास आणि तीस वर्षं म्हणजे १२०. म्हैसूर भागातल्या ग्रामीण बायकांवर झालेल्या अभ्यासात ६० च्या पुढे जुनाट ब्रॉन्कायटिसचा धोका ठळक वाढलेला दिसला. आता बघा, परसातली ती पहाटेची चूल धरली नाही तर एखादी बाई ६० च्या या बाजूची त्या बाजूला जाते.

तंबाखूचं पण असंच. बिडी असेल तर बिड्या म्हणूनच मोजून लिहा, सिगारेटमध्ये स्वतः रूपांतर करू नका. सोडली असेल तर कधी सोडली. मशेरी बायका तंबाखूत धरतच नाहीत, ती 'दात घासायची' असते, तर मुद्दाम विचारा, आणि ती घरी भाजत असतील तर त्याचा धूरही सांगा. बाकी काम काय केलं, खडी क्रशर, सूतगिरणी, भट्टी, पोल्ट्री, घरात कूलर आहे का, खिडकीत कबुतरं बसतात का, लहानपणी टीबी झाला होता का. टीबीचं घरात लपवलेलं असतं. पण त्याची नोंद राहून गेली तर आजाराचं कारणच चुकीच्या रकान्यात जातं.

प्रश्नावली भरताना

तीन-चार प्रश्नावल्या परत परत भेटतील. कॅट म्हणून एक आहे, आठ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ५, एकूण ४० पैकी, आकडा जास्त म्हणजे त्रास जास्त. दुसरी एमएमआरसी, ० ते ४ मधली एकच पायरी निवडायची, ० म्हणजे फक्त जोराचं काम केलं तर धाप आणि ४ म्हणजे धापेमुळे घराबाहेर पडणं बंद किंवा कपडे घालतानाही दम लागतो. सेंट जॉर्जेस नावाची मोठी असते, ५० प्रश्नांची, ती एका बैठकीत थकवते, मधे चहा घ्या.

कॅटमध्ये एक प्रश्न चढ किंवा जिन्याचा एक मजला चढताना धाप लागते का असा आहे. बैठ्या घरातली बाई म्हणते, 'मी कशाला चढतेय जिना?' आणि मुलगा शून्य टाकून मोकळा. हे फसवं शून्य आहे. ती जिना चढत नाही, देवळाच्या पायऱ्या चढत नाही, विहिरीवर जात नाही, कारण ते करताना धाप लागायची म्हणून तिने एकेक सोडून दिलंय. या आजाराचं असंच असतं, माणूस त्रास होणारी कामं हळूहळू टाकून देतो आणि मग त्रास नाही म्हणतो. तर विचारा, मुलीकडे गेल्यावर तिच्या मजल्यावर कशा जाता? मधे थांबता का? किती वेळा? तिथलं उत्तर धरा. आणि खाली मोकळी जागा असेल तर लिहून टाका की दोन वर्षांपूर्वी काय काय करायच्या आणि आता काय सोडलंय.

कालावधी बघून घ्या. कुठे 'आज' विचारतात, कुठे 'गेले चार आठवडे', कुठे 'गेल्या वर्षात'. मागच्या दिवाळीत फटाक्यांच्या धुराने ॲडमिट व्हावं लागलं ते मनात इतकं ताजं असतं की चार आठवड्यांच्या उत्तरातही तेच येतं. लाजेचे प्रश्न असतात, खोकताना लघवीवरचा ताबा, नैराश्य, नवरा-बायकोचे संबंध. त्यांचं उत्तर द्यायचं नसेल तर सोडा, सोडायची मुभा असते, पण खोटं नको.

घरून मोजमापं द्यायची असतील तर

ऑक्सिमीटर लावायच्या आधी पाच मिनिटं शांत बसवा. हात गार असतील तर चोळून गरम करा. नेलपॉलिश काढा, मेंदी गडद असेल तर दुसरं बोट बघा. लावल्यावर पहिला आकडा लिहू नका, अर्धा-एक मिनिट थांबा, स्थिर झाला की लिहा, आणि ऑक्सिजन लावलेला असताना घेतला की न लावता तेही लिहा. सावळ्या, काळ्या त्वचेवर ही यंत्रं कधी कधी खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवतात हे अमेरिकेतल्या अभ्यासात दिसलंय, म्हणून आकडा ठीक आणि माणूस घाबरा झालेला असेल तर माणसाकडे बघा, आकड्याकडे नाही.

पीक फ्लो मीटर दिला असेल तर त्यांनी सांगितल्याप्रमाणे, साधारणपणे तीनदा फुंकून सगळ्यात मोठा आकडा लिहायचा, इनहेलर घेण्याआधी की नंतर हे एकदा ठरलं की रोज तसंच. खोकल्याचं रेकॉर्डिंग असेल तर टीव्ही बंद, कुकरच्या शिट्ट्या होऊ द्या मग करा. एका मिनिटात खुर्चीतून किती वेळा उठता येतं अशी टेस्ट असते, ती एकट्याने अजिबात करू नका, कुणीतरी शेजारी उभं पाहिजे, आणि खुर्ची भिंतीला टेकवा, नाहीतर मागे सरकते.

आणि पावलं. फोनवरून पावलं मोजणारे अभ्यास आपल्या घरातल्या बायकांना फार अन्याय करतात, कारण फोन फडताळावर असतो आणि बाई दिवसभर ओटा, परस, गोठा अशी फिरत असते. ॲप दाखवतं दिवसभरात दोनशे पावलं. तर पट्टा किंवा बँड मिळेल का विचारा, नाहीतर कमरेला लहान पिशवीत फोन ठेवायची सवय लावा, आणि तेही जमत नसेल तर को-ऑर्डिनेटरला स्पष्ट कळवा की हा आकडा खरा नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ॲपमध्ये आकडा भरला म्हणजे पलीकडे डॉक्टर बसून बघतोय असं समजू नका. बहुतेक अभ्यासात ती माहिती कुणी तिथल्या तिथे बघत नाही. ओठ निळसर पडले, बोलताना वाक्य पूर्ण होईना, गुंगी येतेय, ऑक्सिजन नेहमीच्या आकड्यापेक्षा बराच खाली गेलाय, तर ॲप बाजूला ठेवा आणि १०८ ला फोन करा. अभ्यासाची नोंद नंतर.

महिनोन्महिने टिकायचं कसं

रजिस्ट्रीत पहिला फॉर्म सगळे उत्साहाने भरतात, तिसऱ्या-चौथ्याला गळती. आणि गळतात कोण, तर जे जास्त आजारी पडले ते. म्हणजे शेवटी उरतात त्यातल्या त्यात बरे असणारे आणि अभ्यासातून दिसतं की सगळं छान चाललंय. म्हणून त्रास वाढलेला असेल तेव्हाचा फॉर्म सगळ्यात जास्त हवा असतो. त्या दिवशी पूर्ण जमलं नाही तर एवढं तरी कळवा की तब्येत बिघडलीय, नंतर भरतो. तसंच बरं चाललंय म्हणून कंटाळून सोडू पण नका.

साधी वही ठेवा, इनहेलरच्या शेजारी. धाप वाढली तो दिवस, बेडक्याचा रंग पिवळा-हिरवा झाला का, अँटिबायोटिक कधी सुरू केलं, स्टेरॉईडच्या गोळ्या किती दिवस, नेब्युलायझर किती वेळा, ॲडमिट झाला तर तारखा. सहा महिन्यांनी फॉर्म विचारतो की किती वेळा तब्येत बिघडली, तेव्हा वहीशिवाय खरं उत्तर देता येत नाही. पुण्या-मुंबईत राहत असाल तर त्या दिवसाचा हवेचा आकडा पण वहीत लिहिता येतो, सफर या सरकारी हवा-माहिती सेवेच्या ॲपवर मिळतो.

नंबर बदलला, गाव सोडून मुलाकडे राहायला गेलात, तर कळवा. पेशंट गेला तरी कळवावं असं मला मनापासून वाटतं, ते फार जड जातं, पण ती नोंद न होणं म्हणजे त्या माणसाचा आजार अर्ध्यावर संपल्यासारखा कागदावर राहतो.

बाहेरच्या देशात असाल तर

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी मंडळींना ऑल ऑफ अस नावाचा सरकारी अभ्यास आहे, २०१८ मध्ये खुला झाला, अठरा वर्षांवरच्या दहा लाख लोकांचं उद्दिष्ट घेऊन, आणि त्यात मुद्दाम वेगवेगळ्या वंशाच्या लोकांना बोलावलं गेलं. तिथल्या सीओपीडी फाउंडेशननेही पेशंटनी स्वतः माहिती द्यायची रजिस्ट्री उभी केलेली आहे. ट्रायल शोधायला तिथे क्लिनिकलट्रायल्स डॉट गव्ह ही नोंदवही आहे, फक्त तिथे नाव आहे म्हणजे अमेरिकन सरकारने तो अभ्यास तपासून मान्य केलाय असा अर्थ होत नाही. ब्रिटनमध्ये अभ्यास शोधायला बी पार्ट ऑफ रिसर्च नावाची साईट आहे. भारतातून आई-बाबा सहा महिने राहायला आलेत म्हणून त्यांचं नाव परस्पर घालू नका, कुठला देश, किती काळ वास्तव्य, या अटी असतात. आणि तुम्ही स्वतः पेशंट असाल तर लहानपणी गावाकडच्या स्वयंपाकघरात आईच्या मांडीवर बसून खाल्लेला धूर पण सांगा, तिकडच्या फॉर्ममध्ये तो रकाना नसला तर शेरा लिहायच्या जागेत.

शेवटी परत काय मागायचं

अभ्यास संपला की साध्या भाषेत निष्कर्ष पाठवणार का हे पहिल्याच दिवशी विचारून ठेवा आणि नंतर आठवण करा, मागणारे पेशंट वाढले तरच ही सवय लागेल. तुमच्या स्वतःच्या टेस्ट केल्या असतील, स्पायरोमेट्री, रक्त, सीटी, तर त्यांची कॉपी मागा. मोजमापांचा ॲपमधला चार्ट डाऊनलोड होत असेल तर करून घ्या, ॲप बंद झालं की ते जातं. हे सगळं आणि ती वही पुढच्या ओपीडीला घेऊन जा आणि डॉक्टर काही विचारायच्या आत टेबलावर ठेवा, आमच्या डॉक्टरांनी सासूबाईंच्या वहीत हिवाळ्याची पानं बघून फ्लूची लस आणि पाणी तापवायला सोलर, दोन्ही एकाच दिवशी सुचवलं.